परसातल्या झाडांवर मासेमारीची जाळी नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माकडे आणि वानर यांच्या उपद्रवाविषयी कोकणातल्या वाचकांची पत्रे आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वरचेवर येतात. त्यांतला संताप खोटा नाही, हे मी स्वतः सोसलेले असल्यामुळे सांगू शकते. मात्र ही पत्रे बहुधा बागायतदारांची असतात. ज्याची शेकड्यांनी कलमे आहेत आणि फवारणी-राखणीवर ज्याचा दरवर्षी मोठा खर्च होतो, त्याचे नुकसान वेगळे आणि उपायही वेगळे. ज्यांच्या मागीलदारी चार-दोन झाडे आहेत, ज्यांचा चिकू किंवा पेरू बाजारात जात नाही, मुंबईहून नातवंडे आली की त्यांच्या पानात पडतो, अशा घरांविषयी मला लिहायचे आहे. त्यातही एकच गोष्ट मांडायची आहे. झाडे राखण्यासाठी आपण किनारपट्टीवरची माणसे मासेमारीची जुनी, टाकून दिलेली जाळी त्यांच्यावर पसरतो, ती पद्धत बंद व्हावी असे माझे म्हणणे आहे.

माझे घर गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे. पुढे माड-पोफळींचे लहानसे आगर आहे. मागे चिऱ्याच्या गडग्याच्या आत एक हापूस, एक बिटकी, दोन चिकू, पेरू, रामफळ, पाच-सहा पपया आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळी आहेत. गडग्याला लागून सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला बरका फणस उभा आहे. या सगळ्यावर हक्क सांगणाऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पहाटे बुलबुल, तांबट आणि कोकीळ येतात, ऊन वर आले की लाल तोंडाची माकडे येतात आणि दुपारी माणसे आडवी झाली की खारींचे राज्य सुरू होते. तिन्हीसांजा सरल्या की वटवाघळे चिकूभोवती घिरट्या घालू लागतात. मध्यरात्रीनंतर उदमांजर फणसावर चढते आणि साळिंदर केळीच्या बुंध्याशी उकरत बसते. घरातला माणूस या पाळ्यांच्या मधल्या फटीत जे हाती लागेल ते काढतो.

येथे माकड आणि वानर यांतला फरक सांगणे भाग आहे, कारण तक्रार करताना आपण दोघांना एकाच दोरीत बांधतो. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर मुख्यतः पाने, कळ्या, मोहोर आणि कोवळी फळे खातो, कारण त्याच्या पोटाची रचनाच पालापाचोळा पचवण्यासाठी झालेली आहे. लाल तोंडाचे माकड फळांवर येते, गालाच्या पिशव्यांत कोंबता येईल तेवढे कोंबते आणि गडग्यावर बसून सावकाश खाते. एवढ्यावर ते थांबत नाही, स्वयंपाकघराचे दार उघडे दिसले तर आतही शिरते. वानराला फळाची पिशवी अडवू शकते, माकडाला ती फार तर दोन दिवस अडवते. पुढे उपायांविषयी जे लिहिले आहे ते हा फरक धरून वाचावे.

आता जाळ्याविषयी. आमच्या भागात कोणत्याही धक्क्यावर गेले की कांडाळीच्या, म्हणजे बारीक धाग्याच्या, जुन्या जाळ्यांचे ढीग दिसतात. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले जाळे मच्छीमार फुकटही देतात, आणि दहा घरांपैकी निम्म्या घरांच्या कुंपणावर, भाजीच्या वाफ्यावर किंवा पेरूच्या झाडावर ते पसरलेले आढळते. मीही तीन वर्षांपूर्वी असे एक जाळे आणून दोन्ही चिकूंवर टाकले. काठीने वर ढकलले, खाली लोंबणारी टोके तशीच सोडून दिली आणि त्या रात्री निश्चिंत झोपले. पहिला महिना वटवाघळे आली नाहीत, म्हणून मी शेजारणींनाही हा उपाय सांगितला. याची आज मला लाज वाटते.

वैशाखातल्या एका सकाळी पाणी शिंपायला गेले असता चिकूच्या बुंध्याशी एक धामण अडकलेली दिसली. लांबीला माझ्या उंचीपेक्षा जास्तच असेल. उंदराच्या किंवा पक्ष्याच्या मागे ती आली असावी. जाळ्यात डोके घातल्यावर मागे सरता येईना, म्हणून तिने पुढे जोर केला आणि प्रत्येक हिसक्याबरोबर नवा फेरा अंगावर ओढून घेतला. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, इतका बारीक असतो की तो खवल्यांच्या खाली जाऊन बसला होता आणि दोन ठिकाणी कातडी कापली गेली होती. धामण बिनविषारी असते हे मला ठाऊक होते, तरी हात थरथरत होते. शेजारच्या काकांनी ओल्या गोणपाटाखाली तिचे डोके धरले आणि मी नखे कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा तोडत गेले. कोयतीचा उपयोग नव्हता, कारण पाते खवल्याला लागले असते. पाऊण तास लागला. शेवटचा फेरा सुटल्यावर ती काही क्षण हललीच नाही, मग गडग्याच्या फटीत शिरली. (दुसऱ्या कोणी असे करू नये. साप कोणता हे नक्की ओळखता येत नसेल तर सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मी केले ते धाडस होते, शहाणपण नव्हे.)

त्यानंतर जाळे उतरवताना आतल्या बाजूला वाळून कोळ झालेला एक बुलबुल आणि पंखाचा पडदा फाटून मेलेले एक लहान वटवाघूळ सापडले. ते तेथे किती दिवस होते कोण जाणे. पानांआड ते दिसले नाहीत, कारण मी फक्त चिकू मोजत होते. आणि ज्या धामणीला मी जवळजवळ मारले होते, ती माझ्या आगरातल्या माडांवरचे उंदीर खाऊन माझे नारळ राखत होती.

मच्छीमाराला हे सांगावे लागत नाही. कांडाळ पाण्यात दिसू नये म्हणूनच इतक्या बारीक धाग्याची विणलेली असते. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार आस म्हणतात. माशाचे डोके आसातून जावे, धड जाऊ नये आणि मागे फिरताना कल्ल्यांशी धागा अडकावा, असा तो हिशेब असतो. पाण्यात हे जाळे जे काम करते तेच ते झाडावरही करते. माशाच्या जागी पक्षी, साप, वटवाघूळ किंवा खार येते एवढाच फरक. सैल सोडलेले, दोन बोटे आरपार जातील एवढ्या आसाचे आणि डोळ्यांना न दिसणारे जाळे फळाचे रक्षण करते असे आपण समजतो. खरे तर आपण परसात सापळा लावलेला असतो आणि तो दिवसरात्र कोणी तपासत नाही.

जाळे वापरूच नये असे मात्र माझे म्हणणे नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांवर टाकायच्या जाळ्याविषयी २०२१ पासून नियमच आहे: जाळे पूर्ण ताणल्यावरही त्याची भोके पाच मिलिमीटर लांबी-रुंदीपेक्षा मोठी असता कामा नयेत. घरच्या घरी तपासायचे असेल तर करंगळी आरपार जाते का ते पाहावे. जात असेल तर ते जाळे झाडावर चढवू नये. याशिवाय धागा जाड असावा, रंग पांढरा असावा म्हणजे रात्रीही दिसतो, जाळे बांबूच्या चौकटीवर ताणून बसवावे आणि खालची कड खोडाशी बांधून टाकावी. फळे उतरली की जाळे काढून घडी करून ठेवावे. हे सगळे मोठ्या झाडाला जमण्यासारखे नाही हे मला मान्य आहे. पण मोठ्या झाडाला जाळ्याची गरजही नसते.

त्याऐवजी फळालाच झाकावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने हापूसच्या फळांना कागदी पिशव्या घालण्याची शिफारस केलेली आहे. त्यामागे फळमाशी आणि डाग टाळणे हा मुख्य हेतू असला तरी पक्षी, खार आणि वानर यांच्यापासूनही त्यामुळे बरेच रक्षण होते. घरच्या झाडासाठी मी आता जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवते. एका जुन्या मच्छरदाणीत लहानमोठ्या साठ-सत्तर पिशव्या होतात, तोंडाशी नाडी ओवली की देठाशी आवळता येतात आणि तीन-चार हंगाम टिकतात. त्यांची वीण इतकी बारीक असते की कोणाचे नख किंवा डोके आत जात नाही. पेरू, रामफळ आणि सीताफळ यांना ही पिशवी फार चांगली, कारण हवा खेळती राहते आणि फळ केव्हा तयार झाले ते बाहेरून दिसते. केळीच्या लोंगराला केळीचीच वाळलेली पाने गुंडाळून वरून गोणपाट बांधावे, ही आमच्या सासूबाईंची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. फणसाला पूर्वी गोणीत घालून फांदीला बांधत असत, तेही उदमांजराला पुरते. झाडावरची सगळी फळे झाकण्याचा हट्ट मात्र धरू नये. हाताला येतात तेवढी झाकावीत आणि शेंड्याची सोडून द्यावीत. शेंड्याचा चिकू माझ्या हाती पूर्वीही येत नव्हता.

पिशवीपेक्षाही मोठा उपाय म्हणजे वेळेवर काढणी, आणि त्यात आपण सारे आळशी आहोत. वटवाघूळ आणि उदमांजर पिकल्या फळाच्या वासावर येतात, म्हणून वास सुटण्याआधी फळ घरात आले पाहिजे. आपल्याकडची बहुतेक परसातली फळे झाडावर पिकू द्यावी लागत नाहीत. आंबा चौदा आणे तयार झाला की झेल्याने (लांब काठीला जाळीची पिशवी लावलेल्या साधनाने) उतरवून पेंढ्याच्या अढीत घालण्याची चाल आपली जुनीच आहे. चिकूवरचा तपकिरी भुसा झडू लागला, नखाने हलके ओरखडल्यावर हिरवी रेघ उमटण्याऐवजी पिवळसर दिसली, की तो काढावा आणि तांदळाच्या कणगीत ठेवावा. पपईवर पिवळी रेघ दिसताच ती घरात आणावी. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या, केळ्याच्या कडा बुजून ते गोल दिसू लागले, फणसाचे काटे पसरट होऊन बोटाने वाजवल्यावर बद्द आवाज आला, की थांबू नये. पेरू तेवढा अपवाद. तो झाडावरच बरा होतो, म्हणून पिशव्या पेरूसाठी राखाव्यात. गेल्या दोन वर्षांत मी रोज सकाळी चहाआधी झाडांभोवती एक फेरी मारते, आणि जाळे होते तेव्हापेक्षा चिकू जास्त मिळाले आहेत. मी मोजलेले आहेत, पण एका घराचा हिशेब पुरावा म्हणून पुढे करण्याची माझी इच्छा नाही.

आगरातल्या माडांना उंदरांसाठी पत्रा मारणे ही युक्ती पुष्कळांना माहीत असते, पण ती अर्धवट केली जाते. जमिनीपासून साधारण सहा-सात फुटांवर, दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती घट्ट बसवला तर उंदीर वर जाऊ शकत नाही. परंतु शेजारच्या झाडाची झावळी त्या माडाला टेकत असेल तर पत्रा फुकट जातो. शेकरू येते त्या गावांत हा उपाय चालतच नाही, कारण आपला हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो आणि शेंड्याशेंड्यांनी प्रवास करतो. चिकू, पेरू आणि आंबा यांची छाटणी करून उंची हाताच्या आवाक्यात ठेवणे आणि घराच्या कौलांवर आलेल्या फांद्या तोडणे, हे पावसाळ्यानंतरचे एका दिवसाचे काम आहे. त्याने झाकणे आणि काढणे दोन्ही सोपे होते.

लाल तोंडाच्या माकडांविषयी मात्र मी कोणाची फसवणूक करणार नाही. टोळी आली, घरात माणूस नसला, तर पिशवी, पत्रा, बुजगावणे यांतले काहीही टिकत नाही. घरात माणसाचा वावर, एखादा कुत्रा आणि गोफण यांनी काही काळ वचक राहतो, एवढेच. कोकणातली कितीतरी घरे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात, आणि माकडांना परस मोकळे वाटण्याचे हे मोठे कारण आहे. दुसरे कारण आपण स्वतः निर्माण करतो. घाटात गाडी थांबवून केळी आणि बिस्किटे देणारे पुण्यवान, देवळापुढचा नैवेद्य आणि रिसॉर्टमागचे उघडे उकिरडे यांनी माणसाचे अन्न सोपे असते ही शिकवण माकडांना दिली. तिसरे कारण असे की रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचे जंगल अगदी थोडे आहे. बहुतेक रान खासगी मालकीचे आहे आणि ते सरपणासाठी किंवा काजूच्या लागवडीसाठी सरसकट तोडले जाते. आंबाडा, उंबर, जांभूळ, करवंद गेली की माकड चिकूकडे वळणारच. पकडून दूर सोडण्याचा उपाय ऐकायला बरा वाटतो, पण मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची टोळी येते आणि सोडलेल्या जागी दुसऱ्या गावाला ताप होतो. हिमाचल प्रदेशाने सुमारे २००७ पासून माकडांची नसबंदी मोठ्या प्रमाणावर चालवली आहे. आपल्याकडे त्याचा विचार तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवा, कारण ते एकट्या घराचे काम नव्हे.

रानातल्या जनावरांवरच्या रागातून जे काही केले जाते, त्यातले दोन प्रकार तर ताबडतोब थांबले पाहिजेत. एक म्हणजे प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून बार काढणारी बंदूक. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर भागांत अशा बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. आपल्याकडे तीच नळी पडवीत उभी असते आणि सुट्टीत आलेली मुले तिच्याशी खेळतात. दुसरा प्रकार रानडुकरासाठी लावलेली फासकी आणि कुंपणात सोडलेली घरची वीज. फासकीत बिबटे अडकल्याच्या बातम्या आपण छापताच, आणि विजेच्या कुंपणाला चिकटून माणसे गेल्याच्याही.

वटवाघळांविषयी वेगळे लिहावे लागते, कारण त्यांच्याविषयी किळस आणि भीती दोन्ही आहेत. भीतीला थोडा आधार आहे. २०१८ साली केरळातल्या कोझिकोडमध्ये निपाहची साथ आली आणि या विषाणूचे नैसर्गिक घर फळे खाणारी वटवाघळे हे आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांतही त्याच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून दात लागलेले, टोचलेले, झाडाखाली पडलेले फळ मुलांना देऊ नये, ते मातीत पुरून टाकावे. आणि जी फळे खायची ती धुऊन, सोलून खावीत. जाळ्यात अडकलेल्या, घाबरलेल्या वटवाघळाला उघड्या हातांनी सोडवावे लागणे ही या दृष्टीने सर्वांत वाईट वेळ, आणि ती आपण कांडाळ टाकून ओढवून घेतो. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव कायद्यात ही वटवाघळे कावळे आणि उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादीच आता राहिलेली नाही. तसे ते योग्यच झाले, कारण रानातली उंडी आणि जांभूळ यांच्या बिया हीच जमात पेरते. काजूची बोंडे नेऊन ती एखाद्या ठरावीक झाडावर बसून खाते आणि बी खाली टाकते. आमच्या वाडीतल्या दोघी-तिघी सकाळी त्या झाडाखालचा काजू वेचून हंगामाचा किराणा भरतात.

नुकसानभरपाईचा अनुभवही थोडक्यात नोंदवते. साळिंदराने माझ्या केळी आणि दोन लहान माड खोदून पाडले तेव्हा पंचनामा झाला. कर्मचारी सभ्य होते. पण त्यांच्या कागदावर पडलेली झाडे भरता येत होती, खाल्लेली फळे भरायला जागा नव्हती. परसातल्या फळांना भरपाई मिळावी असा आग्रह मी धरत नाही, ते व्यवहार्य नाही. त्या पैशांत प्रत्येक ग्रामपंचायतीला बारीक विणीच्या पिशव्या आणि दोन-चार झेले घेऊन देता येतील, आणि बचत गटातल्या बायका त्या पिशव्या शिवू शकतील.

राहिला प्रश्न जुन्या जाळ्यांचा. मच्छीमार ती देतात, कारण त्यांचे दुसरे काय करायचे हा त्यांच्यापुढेही प्रश्न असतो. समुद्रात टाकली तर तेथेही ती मासे आणि कासवे पकडतच राहतात. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि मच्छीमार सोसायट्यांनी प्रत्येक धक्क्यावर जुनी जाळी वजनावर जमा करून घेण्याची सोय करावी, आणि कृषी खात्याने आपल्या मेळाव्यांत झाडांवर ती टाकू नयेत हे स्पष्ट सांगावे. माझ्या चिकूवरचे जाळे गेली दोन वर्षे पडवीत गोणीत बांधून ठेवलेले आहे. भंगारवाला ते घेत नाही आणि जाळले तर काळा धूर होतो. कोणी मागायला आले तर मी देत नाही. धक्क्यावर सोय झाली की ती गोणी मी पहिल्या दिवशी नेऊन टाकीन.

आपली,
एक नियमित वाचक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी